मागच्या दारानं पाहिलेली कॉलेजं

सहा आठवड्यांत सोळाशे मैल. हा आकडा लिओनोरच्या डोक्यातून जाता जात नव्हता.

मुळात अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड हे राज्यच उभं अठ्ठेचाळीस मैल. एका टोकाला घेतलेली कॉफी निवायच्या आत दुसरं टोक येतं. अशा राज्यात एवढी गाडी हाकायची तर माणसाला गोल गोलच फिरत बसावं लागेल. आणि गाडी तिच्या पापांची होती. आल्सीद फुर्तादो, वय त्र्याहत्तर, ऑक्टोबरात बेकरीतून निवृत्त.

आकडा सांगितला तिच्या मावसभावानं, डेल्फिमनं. पापांच्या गाडीचं तेल बदलताना मीटर बघून तो थक्कच झाला होता.

"काकांचं कुठे जमलंबिमलं तर नाही ना गं?" तो फोनवर खिदळला. "मावशीला जाऊन चार वर्षं झाली. आपली काही हरकत नाही बाबा."

"तोंड सांभाळ, डेल्फिम."

पण तिची भीती वेगळीच होती. शेजारचे म्हातारे सिल्वा असेच एकदा दूध आणायला म्हणून गेले आणि सापडले थेट शेजारच्या राज्यात. अर्थात शेजारचं राज्य दहा मिनिटांवर आहे, तो भाग वेगळा.

पापांनी चौतीस वर्षं पाव पोचवला. रात्री अडीचला उठायचं, गाडी भरायची आणि राज्यातल्या झाडून सगळ्या कॉलेजांच्या मुदपाकखान्यांत उजाडायच्या आत पाव उतरवायचा. कॉलेजांची खरी नावं ते क्वचितच घेत. एक 'तीन पायऱ्यांचं', एक 'कुत्रेवालं', एक 'जिथे बर्फ कधीच उपसत नाहीत ते'. पुढची दारं, कमानी, पुतळे यांतलं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. स्वतः शाळेत गेले ते पोर्तुगालच्या आसोरिश बेटांवर, चौथीपर्यंत.

आणि आता घरात विषय एकच होता, कॉलेज. लिओनोरच्या मुलीला, इनेशला, चार ठिकाणांहून होकाराची पत्रं आली होती, चारही याच राज्यातली. बुधवारपर्यंत एकाला होय कळवायचं होतं. लिओनोर शाळेत ग्रंथपाल, त्यामुळे फ्रिजवर रीतसर तक्ता लागला होता. विषय, शिक्षक, वसतिगृह, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं अंतर. घराजवळचं कॉलेज बारा मिनिटं. इनेशचा जीव जडला होता तो दक्षिणेकडच्या विद्यापीठावर. तिथे समुद्राचा अभ्यास होता, आणि अंतर चाळीस मिनिटं.

"चाळीस मिनिटं!" लिओनोर म्हणाली होती. "रोज कोण जाणार-येणार एवढ्या लांब?"

"रोज कशाला, मा? राहीन ना मी तिथे."

"म्हणजे शनिवार-रविवारच भेटणार तू?"

"मा, लोकांची मुलं कॅलिफोर्नियाला जातात."

"ते विमानानं जातात. तू गाडी चालवणार."

इनेशला परवाना मिळून आठ महिने झाले होते, पण नदीवरचा पूल ओलांडून गाडी न्यायला तिला अजून बंदी होती. या वादात पापा कधी पडले नाहीत. सूप पीत, तक्त्याकडे बघत बसायचे. एकदाच म्हणाले, "यात जेवणाचा रकाना नाही."

"जेवण सगळीकडे सारखंच असतं, पापा."

"असं?" एवढंच बोलून ते जिना उतरून आपल्या खालच्या मजल्यावर गेले.

एप्रिलची सुट्टी लागली. गुरुवारी सकाळी सातला खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी लिओनोर कोट चढवून आपल्या गाडीनं मागोमाग निघाली. निघताना सवयीनं दोन सँडविच, पाण्याची बाटली आणि एक पांघरूण घेतलं. पापांची गाडी पुलावरून गेली, शहराबाहेर पडली आणि थेट दक्षिणेला लागली. ना वळणं चुकली, ना वेग घसरला. विसराळू माणसाची ही चाल नव्हती, आणि त्यामुळे तिची काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. गाडी थांबली ती विद्यापीठाच्या भोजनगृहामागे, कचऱ्याच्या पेट्यांशेजारी. पापा उतरले, दारावर दोनदा थाप मारली आणि आत गेले.

पाच मिनिटं ती गाडीत बसून राहिली. मग दार आतून उघडलं आणि पापांनी डोकं बाहेर काढलं.

"पुलापासून मागे आहेस. ये आता, अंडी गार होतात."

आत वाफेचा आणि खरपूस पावाचा वास भरला होता. कढईशी उभी असलेली एक धिप्पाड बाई हात पुसत पुढे आली. तिचं नाव डॉटी. चौतीस वर्षांतली शेवटची एकोणीस वर्षं पापांचा पाव हिनंच उतरवून घेतला होता.

"तू लिओनोर! बाप म्हणाला होता, एक दिवस येशील म्हणून. हातात काय ते?"

लिओनोरच्या हातात सँडविचची पिशवी तशीच राहिली होती.

"चाळीस मिनिटांच्या प्रवासाची शिदोरी," पापा डॉटीला म्हणाले. "माझीच शिकवण. पांघरूणही आणलंस का गं?"

लिओनोरनं पिशवी पाठीमागे लपवली.

"आणलंय!" डॉटी इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

पापांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पावाच्या पिशवीचा कागद, त्यावर त्यांचं ठसठशीत पोर्तुगीज अक्षर. चारही कॉलेजं त्यात होती. सहा आठवडे ते आळीपाळीनं चारही मागच्या दारांशी जात होते, आचाऱ्यांशी गप्पा मारत होते आणि कोपऱ्यात कॉफी घेऊन मुलांना बघत होते. रकाने तीनच. सूप तिथेच केलेलं की डबाबंद. मुलं ताट उचलून ठेवताना आचाऱ्याला काही म्हणतात का. आणि एकटं जेवणारी मुलं किती.

"हे तिसरं कशाला?" लिओनोरनं विचारलं.

"कारण आपली इनेश पहिला महिना एकटीच जेवणार. तुझ्यावर गेलीय, कुणाशी आपणहून बोलायची नाही. प्रश्न एवढाच की ते कुणाच्या लक्षात येतं का."

"बारा मिनिटांवरचं कसं आहे?"

"सूप उत्तम. माणसं गोड. पण दुपारनंतर सगळी पोरं आपापल्या घरी, टेबलं ओस. तुला ठाऊकच आहे."

तिला ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ती तिथेच शिकली, बसनं जाऊन-येऊन. प्रवेश तिलाही या दक्षिणेकडच्या विद्यापीठात मिळाला होता, आणि पापा तेव्हा म्हणाले होते, "एवढ्या लांब?"

"हिला बघ," पापांनी दारातून जेवणाच्या दालनाकडे बोट दाखवलं.

दाराशी एक पिकल्या केसांची बाई मुलांची ओळखपत्रं तपासत बसली होती. तपासत कसली, ती नावानं हाका मारत होती. "मार्कस, कालच्या पेपरचं काय झालं? अगं केंड्रा, एकटी कुठे चाललीस? ती बघ, तुझ्याच गावची मुलगी, जा तिच्याजवळ." आणि ती केंड्रा खरंच ताट घेऊन, लाजत, त्या टेबलाशी जाऊन बसली.

लिओनोर बराच वेळ त्या टेबलाकडे बघत राहिली. मग एकदम वळली.

"पापा, मी अठरा वर्षांची होते तेव्हा तुम्ही इथे पाव आणत होता?"

"रोज."

"रोज यायचात, आणि मला सांगायचात लांब आहे म्हणून?"

पापांनी कपातली कॉफी ढवळली. तिच्यात साखर नव्हती.

"रोज यायचो, आणि तू उठायच्या आत परत घरी असायचो," ते म्हणाले. "पावासाठी कधी लांब वाटलं नाही गं. तुझ्यासाठी वाटलं."

"मग आता?"

"आता सहा आठवडे तेच मोजतोय. चाळीसच्या वर मिनिट जात नाही. एकदा पंचेचाळीस झाली, पण तेव्हा पुढे बदकं आडवी आली होती."

लिओनोरला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरले. डॉटीनं न विचारता तिच्यासमोर अंडी, शोरीसु सॉसेज आणि गरम पाव ठेवला. तिनं सगळं चाटूनपुसून खाल्लं, ताट स्वतः उचलून ठेवलं आणि आचाऱ्यांना मोठ्यानं "छान होतं हं!" म्हणाली. पापांनी कागदावर काहीतरी खूण केली.

"नाश्ता कितीपर्यंत असतो?" तिनं डॉटीला विचारलं.

"दहापर्यंत."

घड्याळात साडेआठ झाले होते. इनेश अजून झोपलेली असणार. लिओनोरच्या नवऱ्याची गाडी घरी दारात होती, किल्ली फ्रिजवर, त्या तक्त्याशेजारीच.

"पूल ओलांडून येईल ती?" लिओनोरनं स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

"रस्ता मी सांगतो," पापा उत्साहानं पुढे सरकले. "जिथे पूर्वी बुटांचं दुकान होतं तिथून डावीकडे..."

"पापा, ते दुकान तिच्या जन्माच्या आधी बंद झालं."

पोरीला एवढंच सांगायचं, ऊठ, गाडी काढ, आणि बरोबर खायला काही घेऊ नकोस. लिओनोरनं मागच्या दाराच्या पायरीवर उन्हात बसून फोन काढला.