सगळे गप्प होतात तो सिनेमा

हो, मीच सांगितलं.

शालिनीवहिनींना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, कॅन्सर आहे हे त्यांच्यापासून लपवायचं असं घरात सगळ्यांनी ठरवलं होतं. मी फोडलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी वर्षश्राद्धाला आमच्या नणंदबाई स्वयंपाकघराबाहेर कुणाला तरी सांगत होत्या, "हिनेच भुताचे सिनेमे दाखवून दाखवून तिला भित्री केली, आणि शेवटी हिनेच घाबरवून मारली."

मी आत वडे तळत होते. ऐकलं सगळं.

वन्सं, तुम्ही फेसबुकवर आहात. कुजबुज नको. इथे मोठ्याने होऊन जाऊ दे.

आधी एक दुरुस्ती. सिनेमे मी दाखवत नव्हते, त्या दाखवायच्या.

कोथरूडच्या एकाच सोसायटीत त्या वर, मी खाली. जेवणं उरकली की मी भाजी घेऊन वर जायची. पडदे ओढायचे, भाजी निवडायची आणि भुताचा सिनेमा लावायचा. रात्री नाही. दुपारी दिवे जाळावे लागत नाहीत, आणि भीती तेवढीच वाटते.

आणि भित्र्या? वहिनी?

केस सोडलेली बाई पडद्यावर आली की म्हणायच्या, "मेली, तेल नाही की वेणी नाही. हिला कोण घाबरणार?"

रविवारी घरचेही बसायचे. वहिनींच्या निखिलला रक्त बघवायचं नाही. एवढा इंजिनियर, पण उशी तोंडावर. "अरे, रंग आहे तो," म्हटलं तरी नाहीच.

आमच्या ह्यांना दार करकरलं की तहान लागायची. पाणी प्यायला म्हणून जायचे, ते सिनेमा संपल्यावरच यायचे.

मला भूत चालतं. पण सिनेमात देवापुढचा दिवा विझला की मनातल्या मनात रामरक्षा सुरू.

ज्याची त्याची भीती वेगळी. वहिनींना कसलीच नाही, असं मी धरून चालले होते.

मग एका दुपारी एक साधाच सिनेमा लागला. भूत नाही, रक्त नाही. एक बाई खोलीत येते. बोलत बसलेली माणसं गप्प होतात. मग सगळे तिच्याकडे बघून हसतात आणि आग्रह करून करून तिला वाढतात.

"बंद कर."

मला वाटलं, चेष्टा.

"मंदा, बंद कर गं आधी!"

त्यांनी निवडलेली मेथी न निवडलेल्या जुडीतच टाकली.

टीव्ही बंद केल्यावर बोलल्या. "आई गेली तेव्हा मी एवढीशी. मला शेजारी ठेवलं होतं. आई मामाकडे गेलीये म्हणाले. मी घरात आले की सगळे गप्प. मग कुणीतरी हसायचं आणि माझ्या हातावर साखर ठेवायचं. एक दिवस पंगत बसली. पुरणपोळी होती. मी मागून घेतली दुसरी. हात धुताना बायकांच्या बोलण्यातून कळलं, ती पंगत कशाची होती."

त्यानंतर तसला सिनेमा आम्ही कधी लावला नाही.

मग वहिनींचा रिपोर्ट आला.

"काकू, आईला काही कळू द्यायचं नाही. साधी गाठ आहे म्हणायचं. ती घाबरून जाईल." निखिल रडत होता. त्याची माया कमी होती असं मी कधीच म्हणणार नाही.

संध्याकाळी सगळे वर जमलो. वहिनी आतल्या खोलीतून हॉलमध्ये आल्या.

आम्ही गप्प झालो.

मग सगळे हसलो.

वन्सं, तुम्ही श्रीखंडाची वाटी घेऊन पुढे गेलात. "घे गं शालिनी, तुला आवडतं ना."

त्यांनी वाटी घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

त्या दुपारचाच चेहरा. फक्त आता "बंद कर" म्हणायची सोय नव्हती.

घरखर्चाच्या वहीत मी आजवर काही 'किरकोळ' म्हणून ढकललेलं नाही. आणि माणसाचं मरण 'साधी गाठ' म्हणून ढकलू?

सकाळी देवाला दिवा लावला, नमस्कार केला. दुपारी वर गेले.

"वहिनी, ती गाठ साधी नाही."

त्या निवडत राहिल्या. "कॅन्सर?"

"हो."

"पसरलाय?"

"हो."

"निखिलला माहितीये?"

"त्यालाच आधी कळलं."

"जेवतोय का नीट?"

मी भाजीची एक जुडी पुढ्यात ओढली. त्यांनी मोठा श्वास सोडला. "हुश्श. मला वाटलं, मला वेडच लागतंय की काय. लाव गं काहीतरी. चांगलं भुताचं लाव."

सांगितलं नसतं तर जास्त जगल्या असत्या का? मला माहीत नाही. वन्सं, तुम्हालाही माहीत नाही.

पण जेवढ्या जगल्या, तेवढ्या 'सगळे गप्प होतात' त्या सिनेमात नाही जगल्या.

निखिल त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. उशी तोंडावर न घेता. साड्या त्यांनी स्वतः वाटल्या, घेणाऱ्या प्रत्येकीची मापं काढत. आणि बजावून ठेवलं, "माझ्या तेराव्याला ते डब्यातलं श्रीखंड आणू नका, पुरण घाला. आणि पोरांना आधी सांगा, जेवण कशाचं आहे ते."

आज पंगतीत निखिलची ईरा बसली होती. खीर वाढताना तिने विचारलं, "हे आजी गेली म्हणून आहे ना?"

सगळे गप्प. कुणीतरी हसून म्हणालं, "तू जेव हं बाळा."

मी म्हटलं, "हो गं. आजीला जाऊन वर्ष झालं, म्हणून."

"मग अजून वाढ. आजीची पण मीच खाते."

खाल्ली. घाबरली बिबरली नाही.

पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. माझ्या वेळी मलाही सांगा.

वहिनी, नमस्कार करते. उद्या दुपारी पडदे ओढून बसणार आहे, मेथी आणलीये. वाटलं तर या.

वेणी तेवढी घालून या.