‘वन्स मोअर’ नाकारणारे भोईरसाहेब

हरेश्वर भोईर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि भांडत होते ती एकटी मीच. कोलशेतला आमच्या इमारतीमागे एका बंद कारखान्याचं आवार आहे. तिथे रविवारी दुपारी गाड्या किंचाळायच्या. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. पेपर तपासताना डोकं उठलं, तशीच तणतणत गेले. तिथे ड्रिफ्टिंगचा सराव घेणाऱ्या भोईरसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, आवाज कमी नाय होणार. पण वेळ तुम्ही सांगा, ती पाळू.” मी सांगितली, ती ते आजतागायत पाळतात. वर खुर्ची पुढे करून म्हणाले, “आलाच आहात तर बघा तरी.”

ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवायची आणि तरीही ताब्यात ठेवायची. इथे आधी कोण पोचलं याला किंमत नाही. दोन गाड्या एकामागोमाग सुटतात, मागची पुढचीला जवळजवळ चिकटून तशीच घसरते, मग जागा बदलतात. कोण सरस, ते परीक्षक ठरवतात. ड्रिफ्टिंगच्या राष्ट्रीय मालिकेचे मुख्य परीक्षक असलेल्या साहेबांनी मला परीक्षक व्हायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले. गाडी मागे घेतानाही मला घाम फुटतो. “म्हणून तर तुम्ही पाहिजे,” ते म्हणाले. “तुम्ही कुणाच्या गाडीच्या प्रेमात पडणार नाय.”

आपल्या राष्ट्रीय मालिकेला तेव्हा एक लाडाची खोड होती. आम्ही ठाणे-डोंबिवलीकर नाटकांवर पोसलेले. आवडता चालक चुकला की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि परीक्षक खुशाल पुन्हा फेरी द्यायचे. सगळे खूश! मग आपला एक विजेता परदेशी स्पर्धेला गेला. पहिल्याच लढतीत त्याची गाडी वाट सोडून बाहेर गेली. पठ्ठ्या हेल्मेट न काढता गाडीतच बसून राहिला, पुन्हा बोलावतील म्हणून. पुढची जोडी सुटली तेव्हा त्याला कळलं की आपण हरलो आहोत.

लोक हसले. भोईरसाहेब मात्र संतापले, आणि तेही त्या मुलावर नव्हे, आम्हा परीक्षकांवर. “त्याला तिकडच्यांनी नाय हरवला. आपण इकडे लाडावून हरवला,” हे त्यांचे शब्द. परदेशी आयोजकांचं म्हणणं सरळ होतं: तुमचं परीक्षण आमच्या नियमांनी झालं, तर तुमचा राष्ट्रीय विजेता थेट आमच्या मुख्य स्पर्धेत, नाहीतर त्याने इथे येऊन पात्रता फेरीच्या रांगेत उभं राहावं. साहेबांनी ते नियम आणवले, मराठीत करवून घेतले आणि जाहीर केलं की परीक्षकांचा कौल खरोखर बरोबरीत सुटला तरच पुन्हा फेरी. कुणी म्हणालं, प्रेक्षक तुटतील. “तुटू देत,” साहेब म्हणाले.

परीक्षा त्याच वर्षी झाली. अंतिम लढतीत विठ्ठलवाडीची शलाका होती. तिच्या वडिलांचं तिथे गॅरेज आहे आणि साहेबांनीच तिला गाडी आडवी घसरवायला शिकवलेलं. परदेशी निरीक्षक आमच्या शेजारी बसले होते. शलाकाची गाडी शेवटच्या वळणावर गर्रकन फिरून उलटी उभी राहिली. सगळं मैदान ‘वन्स मोअर’ने दणाणलं. प्रमुख पाहुणे स्वतः आमच्याकडे येऊन म्हणाले, “अहो, आपलीच पोरगी आहे. द्या ना एक चान्स!” साहेब उठून उभे राहिले. “आपली आहे म्हणूनच नाय,” एवढंच बोलले आणि समोरच्या चालकाच्या नावाचा झेंडा उचलला. निरीक्षकांनी आपलं परीक्षण मान्य केलं. शलाका वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब विठ्ठलवाडीला गॅरेजवर गेले. मलाही ओढून नेलं. तिचे वडील बॉनेटखालून डोकं वर काढेनात. चहा आला, निवला. शेवटी शलाकाच फणकारली, “काका, एकदा दिलं असतं तर काय झालेलं?” साहेब म्हणाले, “तू इकडे जिंकलेली असतीस, आणि तिकडे गाडीत बसून राहिली असतीस. रविवारपासून माझी गाडी पुढे, तुझी मागे. ठोकलीस तरी चालेल.” ते नुसतं बोलणं नव्हतं. वर्षभर हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनिशी तिच्यासाठी पुढची गाडी चालवत राहिला. त्यांच्या गाडीच्या दारावरचे पोचे त्यांनी अजून काढलेले नाहीत, आणि वहिनी त्यावरून अजून बोलतात.

यंदा शलाका राष्ट्रीय विजेती झाली. एकाही ‘वन्स मोअर’शिवाय, स्वच्छ. आता पात्रतेच्या रांगेत न थांबता ती थेट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणार आहे. त्याच स्पर्धेने भोईरसाहेबांना परीक्षक म्हणून बोलावलं आहे. त्यांनी होकार दिला, पण कळवून टाकलं की शलाकाची लढत लागली की मी खुर्ची सोडेन. तिकडच्यांनी अशी अट घातलीही नव्हती.

साहेब, साठीनिमित्त आम्हा सर्वांकडून मनापासून शुभेच्छा. आपल्याला शंभरी लाभो, गुडघे धड राहोत, आणि पुढच्या पिढीला शिस्त लावायला आपला धाक असाच कायम राहो. आपण खुर्ची सोडाल तेव्हा थेट प्रेक्षकांत येऊन बसा. मीही तिकडे येते आहे, शेजारची जागा धरून ठेवेन. इतकी वर्षं आपण तोंड मिटून पाहिलंत. त्या दिवशी आपल्या पोरीसाठी घसा बसेपर्यंत ओरडा.