रंगावर आवळलेली अर्थिंग

त्या दिवशी वायरमनचं आपल्या गॅरेजवरचं काम सकाळी सहाला सुरू झालं. धाकट्या भावाचा जुना डिझेल ट्रक सिमेंटच्या गोण्यांसह गॅरेजसमोर अडून बसला होता. चावी फिरवली की नुसतं कटकट. इंजिन ढिम्म हलेना.

"दादा, बॅटरी गेली वाटतं."

"तू शाळेत जायचास तेव्हापासून बॅटऱ्या बघतोय मी. गप उभा राहा."

दोन्ही बॅटऱ्या ठणठणीत निघाल्या. दोष अर्थिंगच्या वेणीत होता. तांब्याची ही जाड वेणी इंजिनाला चॅसीशी, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याशी जोडते. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरचा करंट तिच्यातून बॅटरीकडे परत जातो. ती हिरवी पडून कुजली होती. वायरमनने नवी घातली, बोल्ट आवळला. पहिल्याच चावीला इंजिन धडधडलं.

"एवढ्याशा तुकड्यासाठी तासभर?" भाऊ हसला. "आणि दादा, सकाळपासून ॲक्सिलरेटर जरा अडकतंय."

"तेल सोड त्यात. पळ आता, उशीर झालाय."

तीस वर्षांत त्याने कामात घाई केली नव्हती. त्या दिवशी केली.

ट्रक गेल्यावर तो नळावर हात धुवायला बसला. नखांत लाल रंग होता. नुसता रंग, लोखंडाची काळी पूड नव्हतीच. चॅसी गेल्याच आठवड्यात रंगवली होती, आणि रंग न खरवडताच त्याने त्यावर वेणी आवळली होती. रंगातून करंट जात नाही. मग स्टार्टर फिरला कसा? बोल्टच्या आट्यांतून थोडाच करंट गेला असेल; बाकीच्याने जुनी वेणी कुजल्यापासूनचीच वाट धरली होती, ॲक्सिलरेटरच्या पोलादी केबलची. म्हणून तर ते अडकत होतं. अशी केबल तापते, तिचं आवरण वितळतं, आणि दाबलेलं पेडल वर येत नाही.

पुढे मोठा उतार होता. उताराच्या तोंडाशी भाऊ रोज थांबायचा, इंजिन बंद करून गोण्यांचे दोर तपासायचा. मग पुन्हा चावी, आणि पुन्हा तोच करंट केबलमधून.

त्याने भावाला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, ही शिस्त त्याला दादानेच लावली होती.

वायरमनने स्कूटर काढली. उतारापर्यंत बारा किलोमीटर. प्रत्येक वळणावर रस्त्याकडेला बघायची हिंमत होत नव्हती, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

ट्रक दिसला. दोर तपासून भाऊ केबिनमध्ये चढत होता. स्कूटर आडवी टाकून वायरमन दोन्ही हात पसरून ट्रकपुढे उभा राहिला.

"दादा? काय झालं? डबा विसरलो का मी?"

"चावीला हात लावू नको. खाली उतर."

केबलचं आवरण एका जागी वितळून तारेला चिकटलं होतं. भावाने पेडल हाताने दाबून सोडलं. ते अर्ध्यातच अडकलं. दोघेही समोरच्या उताराकडे बघत राहिले.

"चूक माझी," वायरमन म्हणाला. "रंग खरवडला नाही मी."

भावाने केबिनमधून कानस काढून त्याच्या हातात दिली.

लोखंड चकचकीत होईपर्यंत वायरमनने कानस चालवली. नवी केबल येऊन बसेपर्यंत ट्रक जागचा हलू दिला नाही.

गॅरेजवर पक्कं छप्पर घालायचं म्हणून तो सहा वर्षं मजुरीतून पैसे बाजूला टाकत होता. त्या पैशांत भावाच्या ट्रकची सगळी वायरिंग नवी झाली. अर्थिंगचा एकेक जोड त्याने स्वतः खरवडला. गॅरेजवर ताडपत्रीच राहिली.