कंगव्यांच्या खणातली डबी

लोणीशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गालावरून वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरतो, म्हणून गिऱ्हाइकांनीच ते ठेवलं आणि दोन खुर्च्यांच्या त्या दुकानात सव्वीस वर्षं टिकलं. पहिली खुर्ची त्याची, दुसरी धाकट्या भावाची. समोरच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर तर त्याच्या खुर्चीत बसून साबण लागला की सरळ घोरायला लागत. गळ्यापाशी उघडं पातं आणि हे गृहस्थ ढाराढूर! लोणीशेठला याचा कोण अभिमान. नव्या गिऱ्हाइकाला तो डोळ्यांनी खुणावून ते दाखवायचा.

त्याच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. कुणी टक्कल पडतंय म्हणून औषधाचं विचारलं, की केसांच्या गोळ्यांनी विकणाऱ्याचं घर वाढतं, खाणाऱ्याचे केस नाहीत, असं ऐकवायचा. अख्खं दुकान हसायचं.

मग त्याला थायरॉइडचं दुखणं निघालं. ग्रंथी सुस्त पडली होती, अंग जड झालं होतं आणि केस झडले होते. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि काही महिन्यांनी रक्ततपासणी असं ठरलं. गोळीने अंगातला जडपणा गेला, पण गेलेले केस काही परत येईनात. दुकानात तिन्ही भिंतींना आरसे, तोंड लपवायला जागा नाही. स्वतःचे राखता आले नाहीत तो आमचे काय राखणार, असं लोक म्हणतील, या धास्तीने त्याला पोखरलं. शेवटी लांबच्या पेठेतल्या औषधांच्या दुकानातून त्याने केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या आणल्या, त्याही सगळ्यात भारी ताकदीच्या. डबी कंगव्यांच्या खणात मागे दडवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काही घेता का, ताकदीचं, केसांचं? बायको शेजारीच बसली होती. तो म्हणाला, "छे हो. असल्या भानगडीत मी पडत नाही."

रिपोर्टात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त झाल्यासारखं दिसत होतं. बाईंनी गोळी कमी केली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच दिसलं, पुन्हा कमी केली. इकडे लोणीशेठला भर दुपारी थंडी वाजायला लागली. बोटं सकाळी आखडलेली असायची, उभ्याउभ्या पेंग यायची. वय झालं, म्हणून तो मूग गिळून बसला.

आणि एका सकाळी मास्तरांच्या कानामागून वस्तरा फिरवताना त्याची पापणी मिटली. क्षणभरच. मास्तर दचकून जागे झाले तेव्हा पांढरा टॉवेल लाल झाला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. असू दे, असू दे, म्हणत कापूस धरून ते निघून गेले. पुढच्या खेपेला आले, नेहमीसारखं हसले आणि धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले. लोणीशेठला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. रिकामी खुर्ची उगीच पुसत तो उभा राहिला.

त्याच आठवड्यात खणातली डबी खिशात टाकून तो बायकोबरोबर दवाखान्यात गेला. बाई कोड्यात पडल्या. कागद म्हणतोय जास्त झालं आणि माणूस तर गारठलेला. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. लोणीशेठने खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. बायकोकडे बघायची हिंमत त्याला झाली नाही.

बाईंनी डबीवरचं वाचलं. बायोटिन जास्त पोटात असलं की तपासणीच फसते, नसलेलं थायरॉइड कागदावर वाढलेलं दिसतं, असं त्यांनी सांगितलं. या गोळ्या बंद ठेवून काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं, आणि यापुढे साधी जीवनसत्त्वाची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मग शांतपणे म्हणाल्या, "एवढं आधी बोलला असतात, तर मी तुमचं औषध कमी केलं नसतं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको थांबली. "मला तरी सांगायचंत," इतकंच ती म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता.

नवं रक्त खरं बोललं. गोळी पूर्वीइतकी झाली आणि दोनेक महिन्यांत बोटं मोकळी झाली. मास्तर मात्र दुसऱ्या खुर्चीतच बसत राहिले. अखेर एका रविवारी, दुकान भरलेलं असताना, तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मास्तर, तुमचा कान माझ्या खोटेपणाने कापला. मी चोरून केसांच्या गोळ्या खात होतो. डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणालो. त्यापायी माझं औषध चुकलं आणि हातात वस्तरा असताना मला झोप लागली."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. लोणीशेठचे कान तापले, पण तो हलला नाही. मास्तर उठले, पहिल्या खुर्चीत बसले आणि मान मागे टेकवली.

त्याने साबण लावला, नवं पातं घातलं. हात पूर्वीसारखाच हलका चालत होता. मास्तर घोरले नाहीत. दाढी संपेपर्यंत ते समोरच्या आरशातून त्याच्या पापण्यांकडे बघत राहिले.