न काढलेल्या उठाबशा

माझ्या काकाला मासळीच्या तळ्यांवर सगळे मास्तर म्हणतात. तो शाळेत जेमतेम टिकला होता हे लक्षात घेतलं, तर ही पदवी त्याने घामावर मिळवली आहे, फक्त तो घाम दुसऱ्यांचा होता. तळ्यावर नवा माणूस कामाला लागला की त्याची विजार काका निवडतो. विजार म्हणजे पावलापासून छातीपर्यंत एकसंध, खांद्यांवर पट्टे, आत पाण्याचा थेंब येऊ न देणारी. दुकानदार तिला वेडर म्हणतो. आम्ही विजारच म्हणतो, कारण ती चढवताना माणूस एका पायावर नाचतो तो विजारीसारखाच. आणि ती निवडताना काका त्या माणसाला भर दुकानात उठाबशा काढायला लावतो.

"बस. अर्धवट नको, पुरता बस. आता उठ. आता पाय स्टुलावर ठेव. मांडीत ओढतंय?"

"थोडंसं, मास्तर."

"दुकानात थोडंसं म्हणजे तळ्यात टर्र. काढ ती. मोठी दाखवा हो."

त्याचं म्हणणं असं, की विजार पाण्याने मरत नाही, ताणाने मरते. कापड कितीही जाड घ्या, गुडघ्याला दुहेरी थर घ्या, पण दोन पायांच्या मधली शिवण ताणली गेली की बाकीचं सगळं शोभेचं. बुटांचंही त्याचं शास्त्र आहे. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तळाचे बूट शेवाळलेल्या दगडावर चांगले, पण आमच्या तळ्यांत चिखल. नमदा तो चिखल उचलत जातो, माणूस पावलागणिक उंच होतो आणि मग एकदम आडवा. म्हणून आमच्याकडे दातेरी रबराचा तळ. आणि बूट नेहमीच्या मापाचा घ्यायचा नाही; आत जाड मोजा असतो, विजारीचं पाऊल असतं, तरी बोटं हलली पाहिजेत. हे बघायला काका खाली बसून अंगठ्याने बुटाचा चवडा दाबतो, डॉक्टर पोट दाबतो तसा. त्याने निवडलेल्या विजारी इतक्या टिकल्या, की माणसं काम सोडून गेली तरी विजारी खुंटीवर नांदत राहिल्या.

बाबाही तिथेच जाळं ओढायचे. एका सकाळी त्यांच्या पाठीने राजीनामा दिला आणि तो कुणाला परत घ्यायला लावता आला नाही. मी तळ्याच्या बांधावर काट्यावर बसतो, मासे तोलतो. माझ्याकडून पाण्यात उतरायची अपेक्षा कुणी कधी ठेवलीच नाही, आणि ते योग्यच आहे. शेवटी आई म्हणाली, "मी उतरते."

"तू?" बाबा पडल्यापडल्या म्हणाले.

"घरातली एक पाठ गेली म्हणून दोन माणसं बसवायची का?"

मुकादम नाही म्हणाला नाही आणि होही म्हणाला नाही. तळ्यावर बाई कधी उतरली नव्हती. "मोठं तळं ओढू तेव्हा या," तो म्हणाला. "जमलं तर कायम. नाही जमलं तर वहिनी, राग मानायचा नाही." आईने त्या दिवसापासून बादल्या दोन्ही हातांनी उचलायला सुरुवात केली. तिला ते काम हवं होतं. नुसतं घर चालवायला नव्हे. बाबा रोज संध्याकाळी पाण्याच्या गोष्टी सांगायचे आणि ती भांडी घासता घासता ऐकायची; आता तिला त्या गोष्टी आतून बघायच्या होत्या.

बाबांची विजार तिला घातली असती तर पट्ट्यांच्या वरून फक्त डोळे दिसले असते. म्हणून दुकान. गाडी मी चालवली, मागे आई, माझ्या शेजारी काका. एरवी दुकानाच्या वाटेवर काका शिवणींवर व्याख्यान देतो. त्या दिवशी तो रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होता.

आई पडद्यामागे गेली आणि गडद हिरव्या विजारीत बाहेर आली. दुकानदाराने सवयीने स्टूल पुढे सरकवलं. काकाने तोंड उघडलं. "ब..." इतकंच आलं आणि तोंड मिटलं. त्याने पायानेच ते स्टूल हळूच टेबलाखाली परत ढकललं.

"बरी दिसते," तो म्हणाला.

मी चमकलो. विजार बरी 'दिसते' असं काकाने उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. दिसण्याचं काय, असंच तो म्हणत आला होता.

"नुसती दिसून काय उपयोग, भावजी?" आई म्हणाली. "काहीतरी करून बघतात ना? हे सांगायचे, तुम्ही सगळ्यांना नाचवता म्हणून."

"नाही हो वहिनी. तुम्हाला कशाला... माझी नजर बसलीय आता."

"काय मास्तर, आज शाळेला सुट्टी?" दुकानदाराने विचारलं.

"बांधून द्या," काका म्हणाला. बुटांचंही तेच. "बोटं?" त्याने छताकडे बघत विचारलं. "ठीक आहेत," आई म्हणाली. अंगठा चवड्यापर्यंत गेलाच नाही. मला वाटलं काकाला घाई आहे. कान लाल झाले होते ते मी उन्हाच्या खात्यात टाकले.

मोठं तळं ओढायची सकाळ थंड होती. जाळ्याला वरून तरंगणारा दोर असतो आणि खालून वजनं लावलेला. सगळी माणसं जाळं ओढत तळ्याच्या कोपऱ्याकडे येतात, आणि शेवटी, मासे एका जागी दाटले की खालचा दोर चिखलात दाबून धरायचा असतो. तो तसूभर उचलला गेला तर मासे खालून सुटतात. हा दोर धरायला वाकून, जवळजवळ पाण्यात बसावं लागतं. म्हणजे दुकानातली ती उठाबशी ही खरं तर या क्षणाची तालीम.

आई काकाच्या शेजारी होती. ओढताना ती मागे पडली नाही. मी बांधावरून पाहत होतो आणि मला उगीचच काट्याच्या पारड्यात उभं राहावंसं वाटत होतं, इतका अभिमान. कोपरा आला. मुकादम ओरडला, "दाबा खालचा!" सगळे बसले. आईही बसली.

आवाज मला बांधावर ऐकू आला नाही. काकाला आला. थंड पाणी विजारीत भसाभस शिरलं, आईचा श्वास अडकला आणि ती झटक्यात उभी राहिली. तिच्याबरोबर दोरही उठला. मग पाण्यात जी पळापळ झाली ती आमच्या सगळ्या कष्टांची होती. कोपरा बघता बघता शांत झाला. जाळ्यात उरले ते मासे बहुधा आळशी असावेत.

"अहो, दोर पायाखाली धरायचा म्हणजे धरायचा!" मुकादम म्हणाला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईमाणसाला पाणी गार लागणारच." हसले चारदोघं. आई विजारीत पाण्याचं ओझं घेऊन उभी होती, पट्टे खांद्यांत रुतलेले, आणि ती काकाकडे बघत होती. तक्रार म्हणून नाही. तिला खरोखर कळलं नव्हतं काय चुकलं, आणि ज्याला कळतं तो शेजारी उभा होता.

काका म्हणाला, "पहिलीच वेळ आहे. शिकतील."

वाक्य गोड होतं. कुणीही आपल्या माणसाची बाजू घेताना म्हणेल तसं. पण ते बोलून झाल्यावर काकाने मान खाली घातली ती दुपारी जाळी धुऊन होईपर्यंत वर काढली नाही.

"उद्या सांगतो," मुकादम आईला म्हणाला. तळ्यावर 'उद्या सांगतो' याचा अर्थ लहान पोरालाही कळतो.

संध्याकाळी काका आमच्याकडे आला, पण आत आला नाही. दारातल्या पायरीवर बसला, रस्त्याकडे पाठ आणि आमच्याकडेही अर्धी पाठ, अशी बसायची कला त्या दिवशी मला कळली. आईने चहा नेऊन ठेवला. तो त्याने निववला. आत आई जमिनीवर विजार पसरून फाटलेल्या शिवणीवर ठिगळ चिकटवत होती, जीभ दातांत धरून. पाय तिने गरम पाण्याच्या घमेल्यात सोडले होते. बोटांची टोकं बुटाने चेपून लालबुंद झाली होती.

काकाला ती बोटं दिसली. तो उठला, दारात उभा राहिला.

"वहिनी, ते ठिगळ टिकणार नाही."

"का? डिंक नवाच आहे."

"डिंकाचं नाही. ती विजार... ती लहान आहे तुम्हाला. बूटही."

आईचा हात थांबला. "घट्टच असतात असं मला वाटलं. पाणी आत येऊ नये म्हणून."

यावर काकाचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. ती दिवसभर चेपलेल्या बोटांनी चिखलात उभी राहिली होती आणि तिला वाटत होतं की काम असंच असतं.

"मग मोठी का नाही घेतलीत?" आईने विचारलं. साधाच प्रश्न.

काका चौकटीचा रंग नखाने खरवडू लागला. बाबा पलंगावरून आधी त्याच्याकडे, मग आईकडे, मग त्या विजारीकडे बघत राहिले आणि त्यांना उजाडलं. "अरे गाढवा," ते म्हणाले, "हिला उठाबशा काढायला सांगायला लाजलास?" आणि ते इतके हसले की पाठ धरून विव्हळू लागले, मग विव्हळता विव्हळता परत हसले.

"दुकानात माणसं होती," काका म्हणाला. "आपल्या वहिनींना म्हणायचं, बसा, उठा, इथे ओढतंय का, तिथे... मला नाही जमलं."

आई हसली नाही. "आणि तळ्यात?"

"काय?"

"तळ्यात माणसं नव्हती का, भावजी? तिथे मी ओली उभी होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?"

"आवाज ऐकला होता मी."

"आणि म्हणालात, शिकतील."

काका पायरीवरून उतरला आणि चहा न पिता गेला. आईने ठिगळ अर्धवट सोडलं. "बिचारा," बाबा म्हणाले. "बिचारी मी," आई म्हणाली आणि घमेल्यातलं पाणी ओतायला उठली.

सकाळी मी काटा पुसत होतो तेव्हा काका आला. मुकादमाच्या खोलीबाहेर सगळी टोळी बूट चढवत बसली होती. तो आत जाऊन दार लोटून बोलू शकला असता. मला वाटतं वाटेत त्याने तसंच ठरवलंही असावं, कारण त्याचा हात कडीपर्यंत गेला होता. मग तो वळला आणि बाहेरच, सगळ्यांसमोर, मुकादमाला हाक मारली.

"काल दोर सुटला तो वहिनींमुळे नाही. विजार लहान होती. मी निवडली. बसून बघायला लावलं नाही."

"तू? लावलं नाहीस? मला लावलं होतंस, माझी तर गुडघ्याची वाटी सरकलीय!" बूट चढवणाऱ्यांतला एक ओरडला.

"लाज वाटली."

क्षणभर कुणाला कळेना हसायचं की नाही. मग कळलं. हसण्याचा असा लोट उठला की पलीकडच्या तळ्यातले बगळे उडाले. "मास्तर नापास!" कुणीतरी ओरडलं. काका तिथेच उभा राहिला. तो निसटला असता, तर मी त्याला दोष दिला नसता. पण कान गाजरासारखे करून, हात विजारीच्या पट्ट्यात अडकवून तो हसणं संपेपर्यंत उभा राहिला, जसं काही तेही एक ओझं होतं आणि ते कोपऱ्यापर्यंत ओढायचं होतं.

मुकादम हसला नाही. "मासे गेले ते गेले," तो म्हणाला. "धाकटं तळं ओढायचंय. तेव्हा परत येऊ देत त्यांना. पण मास्तर, या वेळी नीट."

दुकानात परत मीच गाडी घेऊन गेलो. आई पडद्यामागून बाहेर आली. स्टूल टेबलाखालीच होतं. काकाने ते स्वतः वाकून बाहेर काढलं. दुसरं एक गिऱ्हाईक गळ बघत होतं, तेही थांबलं. काकाने भिंतीवरच्या घड्याळावर नजर रोवली, जणू उठाबशा घड्याळच काढणार होतं.

"वहिनी," आवाज चिरका निघाला. "बसा. पुरत्या बसा."

आई बसली.

"ओढतंय?"

"मांडीत. थोडंसं."

"दुकानात थोडंसं म्हणजे..." तो अडखळला.

"तळ्यात टर्र," आईने पुरं केलं. "माहीत आहे. मोठी दाखवा हो."

मोठी आली, मग बूट आले. काका खाली बसला, अंगठ्याने चवडा दाबला. "बोटं हलवा," तो बुटाशीच बोलला. बूट आतून हलला.

धाकटं तळं ओढलं तेव्हा खालचा दोर आईने धरला आणि ती बसली ती मुकादम 'बास' म्हणेपर्यंत उठली नाही. कोपऱ्यात मासे उकळल्यासारखे वर येत होते. मुकादम कायमबियम काही बोलला नाही, भिंतीतल्या बाबांच्या खुंटीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथे टांगत जा."

टांगायचं काम काकाने आपणहून घेतलं. तो तिची विजार पाय वर करून उलटी लटकवतो, मधल्या शिवणीवरून बोट फिरवतो आणि त्याच वेळी दाराकडे बघत असतो, जणू चोरी चाललीय. आजही. आईशी बोलतो, पण तिच्या खांद्याशी. आणि आईनेही काही त्याला सोडलेला नाही. संध्याकाळी सगळी टोळी हात धुवायला नळावर गोळा झाली, की ती मुद्दाम लांबून, चांगल्या खणखणीत आवाजात विचारते,

"काय हो भावजी, माझी विजार वाळली का?"

नळावरची माणसं वाट बघतात. काकाचे कान लाल होतात.

"वाळली, वहिनी," तो म्हणतो.