शेततळ्यातलं गारेगार जहाज

पाचोडच्या बाजारात कुणालाही विचारा, "जहाजवाल्या सूर्यभानचं शेत कुठंशी आलं?" समोरचा आधी हसंल, मग रस्ता सांगंल. हसायच्या आधी रस्ता सांगितला, असा माणूस मला तरी अजून भेटला नाही. आता तुम्हीच बोला. ज्या गावात बायामाणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून कळशा मांडून बसतात, त्या गावात एखाद्यानं शिडाचं जहाज आणलं, वर त्यात एसी लावला, तर लोकांनी हसू नये तर काय करावं? पण नुसतं हसून चालते होऊ नका. हकीकत पुरी ऐका.

सूर्यभानच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. लग्न झालं तशी सखूबाईही त्याच्या मागं मेंढरामागं निघाली. उन्हाळा आला की कळप नाथसागर धरणाच्या काठाला जायचा, कारण पाणी मागं सरकलं की तिथं ओलीला गवत उगवतं. एका वर्षी असंच वैशाखाच्या भर दुपारी दोघं काठावर उभी होती. सखूबाईच्या पाठीला तान्हा गोकुळ बांधलेला, पायाखाली चटका देणारा चिखल. तेवढ्यात समोरून साहेबलोकांची एक नाव गेली. नावेवर छोटी खोली, खिडक्यांना पडदे, आत सावलीला साहेबांच्या बाया बसलेल्या, अन् थर्मासातला चहा ओतून पीत होत्या. सखूबाई नुसती बघत राहिली. नाव दिसेनाशी होईस्तोवर तिची नजर हलली नाही.

सूर्यभानचं रक्त तेव्हा गरम. तो म्हणाला, "तुला एक दिवस अशाच नावंत बसवीन बघ. सावलीला, गारव्याला."

सखूबाई म्हणाली, "आधी ती काळी मेंढी बघा, कुणाच्या वावरात घुसली ते."

विषय संपला. म्हणजे सखूबाईच्या लेखी संपला, असं सूर्यभान धरून चालला. त्याच्या डोक्यातून मात्र ती नाव काही उतरली नाही.

पुढं मेंढरं गेली. थोडी जमीन झाली. सखूबाईनं डोक्यावर पाणी वाहून मोसंबीची बाग उभी केली, पोटच्या पोरागत. गोकुळ शिकून संभाजीनगरला कंपनीत लागला, तिकडंच फ्लॅट घेतला. शहर असं हातपाय पसरत निघालं की रस्ता चौपदरी करावा लागला, त्यात सूर्यभानचा एक तुकडा गेला अन् हातात पैसा आला. ज्यांचे ज्यांचे तुकडे गेले त्यांनी गाड्या घेतल्या, फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले. सूर्यभाननं सखूबाईचं ऐकून आधी शेततळं खणलं, तळाला काळं प्लास्टिक अंथरलं अन् पावसाळ्यात विहिरीचं पाणी भरून ठेवलं. इथवर माणूस शहाणा होता, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

मग एका गुरुवारी तो संभाजीनगरला छावणीच्या बाजारात गाय घ्यायला गेला. बाजारामागं एका भंगारवाल्याचं आवार आहे. तिथं गंजक्या कुलरांच्या ढिगाला टेकून एक पांढरी नाव उभी. शिडाची काठी होती, खाली दोन बाकड्यांची इवलीशी खोली होती, गोल खिडक्याही होत्या. खुलताबादच्या डोंगराखाली कुणी हौशी माणूस तलाव करून हॉटेल काढणार होता, त्याची ही नाव. पाऊस आला नाही, तलाव भरला नाही, हॉटेल बसलं, नाव भंगारात आली. सूर्यभान सहज म्हणून खोलीत शिरला, एका बाकड्यावर टेकला. समोरचं बाकडं रिकामं. त्या रिकाम्या बाकड्यावर त्याला सखूबाई बसलेली दिसली. झालं, गाय राहिली छावणीत.

संध्याकाळी ट्रक दारात आला. सखूबाईनं वर बघितलं, खाली बघितलं.

"गाय कुठंय?"

"गाय नाय जमली."

"मग हे काय आणलं?"

"नाव हाय."

"दूध किती देती?"

सूर्यभान ट्रकवाल्याचं भाडं द्यायला वळला.

क्रेन लावून नाव शेततळ्यात सोडली, तेव्हा निम्मं गाव बांधावर गोळा झालं होतं. नाव तरंगली, हे कबूल करायलाच पाहिजे. पण शेततळं ते केवढं! शीड नीट फुगायच्या आत पलीकडचा काठ यायचा. सूर्यभान धडपडत नाव वळवायचा, की लगेच अलीकडचा काठ. शेजारचा कडुबा बांधावर बसून रोज विचारायचा, "कप्तान, मुंबई आली का?" सूर्यभान म्हणायचा, "आली असती, तू मधी आलास."

हे सगळं चाललं होतं ते एका माणसासाठी, अन् ते माणूस काठावरून हलायला तयार नव्हतं. सूर्यभान रोज बोलवायचा, सखूबाई रोज नाय म्हणायची.

"मला पाण्याचं भ्या वाटतं," ती म्हणाली. अन् वर म्हणाली, "शिवाय त्या डब्यात किती उकडत आसंल. भाकरी थापून नेली तर तव्यावाचून भाजून निघंल."

आता इथं सूर्यभानची खरी चूक झाली, ती ध्यानात ठेवा. कारणं दोन होती. भ्यायचं कारण त्याच्या हातात नव्हतं, उकाड्याचं होतं. म्हणून त्यानं पहिलं कारण कानाआड केलं अन् दुसऱ्याच्या मागं हात धुवून लागला.

उकाडा मात्र खरा होता हो. ती खोली दुपारी अशी तापायची की बाकड्याला हात लावला तर फोड यावा. सूर्यभाननं आधी कुलर नेऊन ठेवला. कुलर घटाघटा पाणी प्यायचा, अन् गार व्हायच्याऐवजी खोलीत आंघोळीच्या मोरीसारखी चिकचिक व्हायची. सखूबाई काठावरून म्हणाली, "झाडाच्या तोंडचं पाणी त्या डबड्याला पाजता व्हय?" कुलर परत आला.

मग त्यानं गोकुळला फोन लावला. गोकुळ बापाला ओळखून होता, त्यानं वाद घातला नाही. पुढच्या रविवारी चाकं लावलेला, इकडून तिकडं ढकलता येणारा एसी घेऊन आला, बापाच्या हवाली केला अन् घाईत माघारी गेला. त्या यंत्राला मागं एक जाड, वळवळती सोंड होती.

सूर्यभाननं जन्मात कुलरच बघितलेला. कुलरचा कायदा त्याला पाठ: खिडक्या उघड्या, दार उघडं, वारा तोंडावर. त्यानं गोल खिडक्या उघडल्या, दार उघडलं, अन् हवा ही सोंडेतूनच येणार असं समजून सोंड ओढून आपल्या तोंडाकडं वळवली. मोटारीच्या खोलीतून वायर आणली होती, बटण दाबलं. सोंडेतून भट्टीसारखी वाफ आली. माणूस पाच मिनिटं नेटानं बसला. त्याला वाटलं, यंत्र नवं आहे, आधी आतली गरम हवा काढत असंल. मग भाजल्या तोंडानं बाहेर आला तर बांधावर कडुबा लोळून हसत होता.

गोकुळनं फोनवर डोक्याला हात लावला असावा, आवाजावरून तसं वाटलं. "आबा, सोंड खिडकीतून बाहेर काढायची, ती गरम हवा बाहेर टाकायला आहे. गार हवा पुढच्या जाळीतून येती. अन् दार, खिडक्या, फटी, सगळं बंद. दार उघडलं की गारवा गेलाच समजा."

तसं केलं अन् काय सांगू, खोली गारेगार झाली. सूर्यभान एका बाकड्यावर बसून कुडकुडायला लागला. बाहेर डांबर वितळायलं अन् आत माणूस घोंगडं पांघरून बसलेला. सोंडेची गरम हवा तळ्यावर, एसीचं पाणी थेंब थेंब बादलीत. तो खिडकीतून ओरडायचा, "ये गं, बघ तर एकदा!"

सखूबाईला गारव्याचं काही नव्हतं. तिची नजर बादलीवर. "आवं, कुलर पाणी पितो अन् हा देतो? मग हा चांगल्या घरचा दिसतोय." त्या दिवसापासून बादली काठावर आली की ती उचलून बागेत जायची. यंत्राला मान मिळाला, पण बाई काही नावेत आली नाही.

तेवढ्यात त्या सालचा उन्हाळा खरा रंगात आला. विहिरीनं तळ दाखवला. पाणी उरलं ते फक्त शेततळ्यात. मोसंबीची पानं वळायला लागली. आता गोष्ट उघड होती. मोटार चालवून झाडांना पाणी द्यायचं तर नाव खाली बसणार. शिवाय वायर एकच. मोटार लावली की एसी पडायचा, एसी लावला की मोटार नुसती घुमायची, पाणी ओढायची नाही. सूर्यभान म्हणायचा, "थांब की चार दिवस." त्याला वाटायचं, आज येईल, उद्या येईल, एकदा बसली की मग जाऊ दे पाणी. रोज मोटार थोडीशीच चालायची, अन् नाव तरंगत राहायची.

सखूबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोलणंच कमी केलं. भाकरी वाढायची अन् उठून जायची.

एका दुपारी सूर्यभाननं गोल खिडकीतून बघितलं. सखूबाई एसीच्या पाण्याची बादली घेऊन बागेत शिरली होती. एका झाडाच्या बुडाला तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्यापाशी थांबली, बादलीत बघितलं, बादली रिकामी. त्या झाडाच्या खोडावर हात ठेवून म्हणाली, "तुझं उद्या बघू बरं." पाय तेच, ऊन तेच, खालची माती तशीच चटका देणारी. अन् हा आत घोंगडं पांघरून.

सूर्यभानला स्वतःची लाज वाटली. अशी वाटली की गारव्यात त्याला घाम फुटला. हिला एक दिवस सावलीला बसवावं म्हणून ही नाव आणली, अन् ह्या नावेपायीच ती भर उन्हात थेंब वाटत हिंडायलीय. तो बाहेर आला. मोटारीच्या खोलीत जाऊन एसीचं बटण बंद केलं, मोटारीचं दाबलं, अन् पुन्हा बंद केलं नाही.

नाव रोज वीतभर खाली जात राहिली. तळाचं प्लास्टिक फाटू नये म्हणून त्यानं घरातली जुनी घोंगडी खाली अंथरली, मेंढरांच्या काळातली, सखूबाईनं कातलेल्या लोकरीची. नावेच्या पोटाखाली पाण्यात उतरणारी फळी वर ओढून घेतली, म्हणजे नाव नीट टेकंल. एक दिवस नाव घोंगड्यांवर टेकली अन् जराशी कलली. झाडांची पानं उलगडली होती, मृगापर्यंत तग धरतील एवढं पाणी पोटात गेलं होतं. कडुबानं बांधावरून विचारलं, "कप्तान, बंदर लागलं काय?" सूर्यभान मान खाली घालून घोंगड्याची कड सारखी करत राहिला. कडुबालाही मग वाईट वाटलं, अन् कडुबाला वाईट वाटणं ही काही रोजची गोष्ट नाही.

सूर्यभाननं छावणीच्या भंगारवाल्याला निरोप धाडला, ट्रक घेऊन ये.

ज्या दुपारी ट्रक यायचा होता, त्या दुपारी तो दोराच्या शिडीनं रिकाम्या तळ्यात उतरला. एसी गोकुळला परत करायचा तर चालतोय का ते बघावं, म्हणून बटण दाबलं. मोटारीला आता काम नव्हतं, लाईट सगळी एसीलाच. दार लावून बाकड्यावर बसला. समोरचं बाकडं रिकामं. छावणीत बघितलं होतं तसंच.

तेवढ्यात दार उघडलं.

"सरका," सखूबाई म्हणाली. कासोटा खोचलेला, काखेत पिशवी. वाकून आत आली अन् समोरच्या बाकड्यावर बसली, अशी बसली जसं काही रोजच बसते.

सूर्यभान बाकड्यावरून अर्धवट उठला. "आगं, तू..."

"आता पाणी कुठंय? मी पहिल्या दिवशीच सांगितलं, पाण्याचं भ्या वाटतं. तुमीच उकाड्याचं घेऊन बसला." तिनं खोली न्याहाळली, बाकड्यावर हात फिरवला, पदर कानावरून घट्ट ओढला. "लई गार हाय वो. सोसंना."

मग तिनं पिशवीत हात घातला अन् थर्मास काढला. लाल, कोरा, बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

"हा कवा घेतला?"

"नाव आली ना, त्याच्या पुढच्याच बाजारी. पाचोडला." ती झाकण फिरवत होती, त्याच्याकडं बघत नव्हती. "त्या बाया झाकणातच ओतून पीत व्हत्या. म्या नीट बघितलंय."

सूर्यभानचे डोळे भरून आले. त्यानं लपवलं नाही, एवढ्याशा खोलीत लपवणार कुठं? सखूबाईनं झाकणात चहा ओतला. उभ्या जन्मात चहा आधी त्याला देणारी ती बाई, तिनं पहिला घोट स्वतः घेतला, डोळे मिटून, सावकाश. मग झाकण त्याच्याकडं सरकवलं.

वरून कडुबानं हाक मारली, "कप्तान, छावणीचा ट्रक आलाय! काय सांगू?"

सूर्यभान दार उघडून डोकं बाहेर काढतो न काढतो, तोच आतून सखूबाई कडाडली, "माघारी जा म्हणावं त्याला! आन् तुमी दार लावा आधी, गारवा चाललाय सगळा."