बांगड्याची ख्यालीखुशाली

लातूरच्या मासळी बाजारात आमचे सासरे शिरले की विकणाऱ्या बायका टोपल्या जवळ ओढून घ्यायच्या. घेण्याआधी सर प्रत्येक बांगड्याच्या गालावरचं झाकण अंगठ्यानं उचलत आणि डॉक्टरनं जीभ बघावी तसे आतले कल्ले बघत. मग त्याच्या डोळ्यात डोळा घालत. मग पोटाला बोट लावत.

"सर, घ्यायचं असंल तर घ्या. सोयरीक जुळवून राहिलात काय?" एकदा एकीनं सुनावलंच.

"घेतो की बाई. आधी ख्यालीखुशाली तर विचारू दे."

औशाच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. पुस्तकात दुसरेच मासे होते, पण वर्गात यायचा तो बांगडा. "पोरांना समुद्र दाखवायचा तर अख्खा दिवस एस्टीत बसवावं लागतं," ते म्हणत. "बांगडा तर लातूरहून अर्ध्या तासात येतो. समुद्रानं धाडलेलं कार्डच म्हना की." त्यांच्या मते बांगड्याइतका गुणी प्राणी नव्हता. "ताजा असला तर कालवण, वाळवला तर पावसाळ्याची सोय, उरला तर कोंबड्याला, नासला तर झाडाला. माणूस नासला तर त्याचं काय करावं, हे कुठल्याच पुस्तकात न्हाई."

अशा माणसाला मी बांगडे भेट द्यायला निघालो होतो.

मी मूळचा कंधारचा, नोकरी नांदेडात. सरांच्या मुलीला, सुरेखाला, पाहून झालं होतं आणि मला ती इतकी आवडली होती, की दोन दिवस ऑफिसात मी तारीखच चुकीची लिहीत होतो. त्यांच्याकडून मात्र होकार येईना. शेवटी सोयरीक आणणारे मामा म्हणाले, "सरांनी तुला एकट्याला जेवायला बोलावलंय. काय ते त्यावर ठरंल. जाताना बांगडे ने. लई जीव हाय त्यांचा."

समुद्राच्या माशाशी माझी ओळख नव्हती. आदल्या संध्याकाळी डझनभर बांगडे घेतले, स्टीलच्या मोठ्या डब्यात बर्फ घालून ठेवले आणि सकाळच्या एस्टीत डबा मांडीवर घेऊन बसलो. अहमदपूरच्या स्टँडवर झाकण उघडलं, तर बर्फाचं नुसतं पाणी. तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि तो मला फार शास्त्रीय वाटला. मासा समुद्रातला आहे. त्याला खारं पाणी मानवेल. टपरीवरून मिठाचा अख्खा पुडा घेतला, डब्यात ओतला, ढवळला आणि निश्चिंत मनानं झोपलो.

औशाला पोचलो तेव्हा सासूबाईंनी खोबरं-कांदा भाजून ठेवला होता. तवा तापत होता. सरांनी डबा अंगणात घेतला आणि एका बांगड्याचं झाकण उचललं. कल्ले विटकरी झाले होते. पोटाला बोट लावलं. पडलेला खड्डा काही भरून येईना.

"कधी घेतले, पाव्हणं?"

"आज सकाळी. एकदम ताजे." हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं, की क्षणभर मलाच खरं वाटलं.

सर शांतपणे म्हणाले, "हा गडी जल्मभर पोहत असतो. म्हणून मांस लालसर. असलं मांस उन्हात राहिलं की त्यात एक विष धरतं. ते वासानं कळंलच असं न्हाई, अन् तळून-शिजवून जात न्हाई. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटती, डोकं उठतं." मग त्यांनी बांगडा माझ्यासमोर धरला. "आता तुमीच सांगा. टाकायचा का तव्यावर?"

स्वयंपाकघराच्या दारात सुरेखा उभी होती. टाका म्हणावं, तर घरभर खाज. नको म्हणावं, तर मी खोटारडा. पोरगी तर दोन्हीकडून जाणार होती. निदान खाजवत तरी जाऊ नये, म्हणून मी म्हणालो, "नका टाकू, सर. कालचे आहेत. बर्फ अहमदपूरला संपला. मग मी मीठ टाकलं."

"मीठ? कशापायी?"

"समुद्रासारखं वाटावं म्हणून."

"किती?"

"एक पुडा."

सरांनी डब्यातल्या पाण्याकडे जरा वेळ पाहिलं. "एवढं खारं समुद्रात न्हाई," ते म्हणाले. "एवढं लोणच्यात असतं."

दारातून सुरेखा हसली. सर हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, कात्री मागवली आणि मला शेजारी बसवलं. कल्ल्याच्या आतल्या बाजूची पिसासारखी बारीक फणी दाखवली; बांगडा तोंड उघडून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव ह्या चाळणीत अडकतात, हे सांगितलं. तासभर मी बांगड्याच्या आतड्यात हात घालून बसलो होतो. मग झाडाला मीठ लागू नये म्हणून सगळे बांगडे धुऊन लिंबाच्या झाडाखाली पुरले आणि आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. चार दिवसांनी मामांकडून निरोप आला: "पोरगं फार हुशार न्हाई, पण दुसऱ्यांदा विचारलं की खरं सांगतं. सरांचा होकार हाय."

हा निरोप मी पंचवीस वर्षं मिरवला. मुलांना सांगितला, शेजाऱ्यांना सांगितला, दोनदा तर सरांनाच सांगितला. मागच्या वर्षी ते लातूरच्या दवाखान्यात होते, तेव्हा उशाशी बसून मी विचारलं, "सर, त्या दिवशी मी टाका म्हणालो असतो तर?"

"तर काय? बांगडे झाडाखालीच गेले असते." त्यांना धाप लागत होती, तरी मजा वाटत होती. "अन् होकाराचं माझ्या हातात काय होतं? मी नुसता पेपर काढणारा. निकाल सुरेखाकडं होता. तिला जाऊन इचारा."

आठ दिवसांनी सर गेले. घरातली पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर एका सकाळी सुरेखा भाकरी थापत असताना मी तिला सरांचं ते बोलणं सांगितलं आणि विचारलं, "मग काय होता माझा निकाल?"

तिनं पदरानं डोळे पुसले, भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

"राखून ठेवलाय," ती म्हणाली. "ताट घ्या."